दोन बोटं माया

१

मला लोक उलटीबाई म्हणतात. नाव ऐकून आधी दवाखाना आठवतो, पण त्याचा पोटाशी काही संबंध नाही. टीव्हीवरच्या कपड्यांच्या स्पर्धेत मी परीक्षक आहे आणि कोणताही कपडा समोर आला की मी पहिल्यांदा म्हणते, "उलटा करा." सुलट बाजू काय, सगळेच सजवतात. शिवणाऱ्याचं खरंखोटं आत असतं. टाके कुठे घाईत पडलेत, अस्तर कुठे ओढून बसवलंय, आणि मुख्य म्हणजे माया किती ठेवलीय.

माया म्हणजे शिवणीच्या आत राखून ठेवलेलं जादा कापड. पुढेमागे अंग सुटलं तर शिवण उसवून कपडा मोठा करता येतो. दोन बोटं माया नसेल तर कपडा कितीही देखणा असो, माझ्याकडून पाचाच्या वर गुण नाहीत. हा नियम आता प्रेक्षकांनाही पाठ झालाय. आधीच्या एका फेरीत एका मुलीनं रडत विचारलं होतं, "मॅडम, थोडी माया कमी पडली तर एवढं काय बिघडतं?" मी म्हटलं, "बाळ, ते घरोघरी जाऊन विचार." टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या घेणारी वाक्यं मला बरी जमतात. खरं तर ती सगळी माझ्या ताईची आहेत.

स्पर्धेचा शेवटचा टप्पा होता समारंभाला घालायच्या पायघोळ गाऊनचा. तीन आठवडे, तीन फेऱ्या. या टप्प्यात काही नवे लोकही थेट घेतले होते; ओळख-वशिला नको म्हणून शिवणारे वरच्या मजल्यावर कामाच्या हॉलमध्ये आणि आम्ही खाली स्टुडिओत. गाऊन पुतळ्यांवर चढवून खाली यायचे, पुतळ्याच्या पायाशी नंबराची पाटी. नावं बंद पाकिटात. शिवाय वाहिनीनं एक गंमत काढली होती. शेवटी जो गाऊन जिंकेल, त्याला ज्या परीक्षकानं सगळ्यांत जास्त गुण दिले असतील त्यानं तो स्वतः घालून सगळ्यांसमोर चालून दाखवायचं.

"मग मी नऊच्या वर जात नाही," कापडवाले काका म्हणाले. काकांचा जन्म गिरणीत कापड पारखण्यात गेलेला, आणि पोटही कापडाच्या गठ्ठ्याएवढं. "घेर मला शोभेल हो, पण मागे हुक असले तर पंचाईत."

तिसऱ्या परीक्षक हिरोईनबाई. एके काळच्या मोठ्या नटी, अजूनही लिफ्टमधून उतरताना कॅमेरा शोधतात. त्या म्हणाल्या, "उलटीबाईच घालणार बघा. चांगलं शिवलेलं दिसलं की त्यांचा हात आखडत नाही."

मी हसले. कागदावर सही करून मोकळी झाले.

पहिल्या फेरीत सहा नंबरपर्यंत सगळं नेहमीसारखं झालं. सातव्याचा गाऊन राखी रंगाचा होता, साधा, एकही टिकली नाही. पण पुतळ्यावर तो वाकडा बसला होता. डावा खांदा उचलल्यासारखा वर आला होता.

"खांदा चुकलाय," काका म्हणाले.

"उलटा करा," मी म्हटलं.

गाऊन उलटा झाला. टाके मोहरीएवढे, सगळे हातानं घातलेले. माया दोन बोटं, ना कमी ना जास्त. डाव्या खांद्याच्या आत कापसाची एक बारीक गादी शिवलेली होती, पाव इंच जाड. उजव्याला नव्हती.

मी त्या गादीवर बोट ठेवलं आणि तिथेच दाबून धरलं. कॅमेरा चालू होता. खांदा चुकला नव्हता. पुतळा चुकला होता. तो गाऊन वाकड्या खांद्याच्या बाईसाठी बेतला होता, आणि तसा खांदा माझा आहे.

२

आई लवकर गेली. वडील दिवसभर दुकानात. मला वाढवलं ते माझ्याहून नऊ वर्षांनी मोठ्या ताईनं. मी अकरा वर्षांची असताना कापड बेतायच्या टेबलावरून पडले, डाव्या खांद्याजवळचं हाड मोडलं, वाकडं जुळलं आणि खांदा पाव इंच खाली राहिला. शाळेत कुणी वाकडी म्हणू नये म्हणून ताई माझ्या प्रत्येक कपड्यात डावीकडे पाव इंचाची गादी घालायची. "तुझा खांदा तुला माहीत आणि मला माहीत," ती म्हणायची. "तिसऱ्याला कशाला?"

तिसऱ्याला कधीच कळलं नाही. ताई गेल्यापासून, म्हणजे एकोणीस वर्षं, मी स्वतः गादी करते आणि दार लावून कपड्याला आतून टाचते. माझं लग्न झालं, मोडलं, पण नवऱ्यालाही हा खांदा कळला नाही. त्यावरून लग्न कसं होतं ते समजावं.

ताई टेप वापरायची नाही. वीत आणि बोटं, बस. "टेप खोटं बोलतो, हात बोलत नाही." शिवताना तोंडात टाचण्या, त्यामुळे काहीही विचारलं की उत्तर एकच, "हं." रागावली तरी हं, खूश असली तरी हं. गिऱ्हाइकाचं माप चुकलं की हसून म्हणायची, "अंगावर बेतावं, जिवावर बेतू नये."

आणि मागचे हुक लावायचे असले की पाठीमागे उभी राहायची. खालून वर एकेक हुक. शेवटचा सगळ्यांत घट्ट. तिथे आली की म्हणायची, "श्वास सोड." मी सोडायचे. हुक टक्कन बसायचा. मग म्हणायची, "आता घे." तिनं घे म्हटल्याशिवाय मी कधी श्वास घेतला नाही. लहानपणी लागलेली सवय.

तीस वर्षांपूर्वी एका मोठ्या स्पर्धेत मी गाऊन पाठवला. पिकल्या जांभळाच्या रंगाचा, मागे बावीस हुक. तो मी स्वतः घालून मंचावर गेले आणि पहिली आले. माझं नाव, माझं दुकान, हे टीव्हीचं काम, सगळं त्या एका गाऊनमुळे. तो गाऊन ताईनं शिवला होता. मी फक्त आतल्या पांढऱ्या पट्टीवर माझं नाव मशीननं मारलं, तेही घाईत, नागमोडी.

त्या दिवशी पडद्यामागे ताईनंच मला हुक लावले होते. पट्टी तिला दिसली असणार. ती काही बोलली नाही. पुढे कितीतरी वर्षांनी, एकदाच, टाचण्या तोंडातून काढून म्हणाली, "कधीतरी एकदा सांग गं लोकांना."

"सांगते," मी म्हटलं. सांगायचं राहून गेलं.

३

माणूस अकलेनं चालतो. मीही चालले.

दुसऱ्या दिवशी मी कपडेपट सांभाळणाऱ्या बाईकडे गेले. माझे मंचावरचे कपडे त्याच शिवतात, म्हणजे माझं माप त्यांच्या वहीत आहे. कुणी तरी हुशार स्पर्धकानं वही पाहिली असेल, परीक्षकाला खूश करायला तिच्या मापाचा गाऊन केला असेल. लोणी लावायचे हजार प्रकार असतात.

"वही कुलपात असते," बाई म्हणाल्या. "पण बघा हवं तर."

मी पाहिली. छाती, कंबर, उंची, सगळं होतं. दोन्ही खांदे सारखे लिहिले होते. बरोबरच होतं, कारण माप देताना गादी आत टाचलेली असते.

मग मी स्वतःला समजावलं की गादी कुणीही घालतं. वाकडे खांदे काय जगात माझ्या एकटीचे आहेत? रात्री झोप लागली, जेवणही गेलं. एवढ्या तेवढ्यानं घाबरायला मी काही कालची पोर नाही.

दुसऱ्या फेरीला सात नंबरचा गाऊन गडद हिरवा होता. पुतळ्यावर त्याचाही डावा खांदा वर. हिरोईनबाई हळूच म्हणाल्या, "कंबरेचा उतार बघा किती सुंदर. पण हा या पुतळ्यासाठी नाहीच, नाही का? कुणा मोठ्या वयाच्या बाईसाठी वाटतो."

मी उलटा करायला लावला. गादी होती. मी शिवणीत बोट घातलं. माया एकच बोट होती.

नियमाप्रमाणे मी पाच दिले. बाकी दोघांनी भरभरून दिले, म्हणून सात नंबर शेवटच्या फेरीत गेला. पण खाली बसल्यावर माझ्या एक गोष्ट लक्षात आली आणि ती काही केल्या डोक्यातून जाईना. हिरव्या गाऊनची कंबर राखी गाऊनपेक्षा अर्ध्या बोटानं बारीक होती. गेल्या आठवड्यात माझं जेवण कमी झालं होतं. जेवणही गेलं असं मी वर म्हटलं ते खोटं होतं.

४

आमच्या कार्यक्रमाच्या निर्मातीला सगळे घड्याळबाई म्हणतात, कारण ती प्रत्येक वाक्यात वेळ सांगते. दुपारच्या सुट्टीत मी तिला गाठलं.

"मला सात नंबरचं चित्रीकरण बघायचंय."

"नियमात बसत नाही. आणि माझ्याकडे सहाच मिनिटं आहेत."

"नाव नको, चेहरा नको. फक्त हात बघू दे."

तिनं माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड बरं दिसत नसावं. ती मला पडद्यांच्या खोलीत घेऊन गेली. खोलीत एसी इतका थंड की बोटं आखडतात. भिंतीवर बारा पडदे, बारा टेबलं, त्यांतली आता तीनच चालू. त्यातला सातवा तिनं मोठा केला.

"या आजींची आमची पंचाईतच झालीय," ती म्हणाली. "कुठलाही कॅमेरा लावा, त्या पाठमोऱ्याच. आजी म्हणतात सगळे, पण असतील तुमच्याच वयाच्या, थोड्या मोठ्या. कुणाशी बोलत नाहीत. काही विचारलं की नुसतं हं."

पडद्यावर एक पाठ होती. करडा अंबाडा, वाकलेली मान, उभ्यानं काम. पाठी सगळ्या म्हाताऱ्या बायकांच्या सारख्याच असतात, असं मी स्वतःला सांगितलं. तिच्या टेबलाशी पुतळा नव्हता. ती कापड बाजूला ठेवून थोडी वळली आणि समोरच्या मोकळ्या जागेत हात उचलला. अंगठा एका ठिकाणी टेकवला, करंगळी ताणून दुसऱ्या ठिकाणी. एक वीत. मग खाली दुसरी. हवेत कुणाची तरी पाठ उभी होती आणि ती तिचं माप घेत होती.

माझ्या मानेखाली काहीतरी टेकलं. मग त्याच्याखाली एका वितीवर पुन्हा टेकलं. मी झटकन मागे पाहिलं. मागे भिंत होती आणि भिंतीवर एसीची जाळी.

"हे कधीचं चित्रीकरण?" मी विचारलं.

"चित्रीकरण कुठलं? हे आत्ताचं आहे," घड्याळबाई म्हणाली. "शेवटच्या फेरीचं शिवायला बसलेत तिघं. एक वाजून बावीस मिनिटं."

पडद्यावर त्या बाईनं कापड पसरलं. खडूची रेघ मारली. रेघेबाहेर दोन बोटं जोडून ठेवली, मायेसाठी ठेवतात तशी. जरा वेळ तशीच थांबली. मग एक बोट मिटलं. मग दुसरंही मिटलं. आणि रेघेवर कात्री लावली.

मी खुर्चीवर बसले. घड्याळबाईनं पाणी दिलं.

ताईचं दुखणं वाढलं तेव्हा तिनं अंथरुणात बसून स्वतःसाठी एक साधा झगा शिवला होता. मी घाईत होते, कुठल्या तरी उद्घाटनाला निघाले होते. सवयीनं तो उलटा केला आणि म्हटलं, "ताई, माया विसरलीस." ती म्हणाली, "विसरले नाही. माया ठेवायची ती माणूस बदलतं म्हणून. ज्याचं आता काही बदलायचं नाही, त्याला कशाला?" आठव्या दिवशी ती त्याच झग्यात गेली. कपडा अंगाला इतका नेमका झाला होता की कुठेही एक सुरकुती नव्हती.

"वर जाऊन भेटायचंय का त्यांना?" घड्याळबाईनं विचारलं. "म्हणजे, नियमात बसत नाही, पण तुम्ही अशा..."

"नको," मी म्हटलं. एवढं घाईनं मी आयुष्यात कधी नको म्हटलं नव्हतं.

५

शेवटचा भाग रविवारी दुपारी थेट जाणार होता. येऊ नये असं मनात हजारदा आलं. पण न येणं म्हणजे या खुळेपणावर विश्वास ठेवल्यासारखं झालं असतं, आणि मी विश्वास ठेवत नव्हते. निदान घरातून निघताना तरी नव्हते.

तीनच गाऊन उरले होते. दोन नंबर लवकर बाद झाला. अकरा नंबरला आम्हा तिघांचे मिळून सव्वीस गुण पडले. मग सात नंबरच्या पुतळ्यावरचं आच्छादन ओढलं आणि अख्खा स्टुडिओ "ओ" म्हणाला.

जांभळा गाऊन. मागे बावीस हुक.

"अहो, हा तर तुमचाच!" हिरोईनबाई टाळ्या वाजवत ओरडल्या. "तुमचा तो पहिला गाऊन! काय सुंदर मानवंदना आहे!"

असेलही. त्या गाऊनचे फोटो सगळीकडे छापून आलेत, कुणीही पाहून शिवू शकतं. मी मनात हेच म्हणत पुतळ्याजवळ गेले. काकांनी नऊ दिले, हिरोईनबाईंनी नऊ. अठरा झाले. मी पाच दिले तर अकरा नंबर जिंकणार आणि मी चहा पिऊन घरी जाणार. दहा दिले तर सात नंबर जिंकणार, आणि हा गाऊन मला अंगावर चढवावा लागणार.

"उलटा करा," मी म्हटलं.

माया नव्हती. अर्धं बोटही नव्हती. कापड टाक्याच्या दोऱ्यापर्यंत कापून आणलेलं आणि कडा हातानं इतक्या सफाईनं बांधलेल्या की नखही अडकू नये.

काका वाकून बघत होते. "मायाच नाही की हो! म्हणजे यांचे गेले गुण." ते प्रेक्षकांकडे वळले. "उलटीबाईंचा नियम म्हणजे नियम!"

लोक हसले. बघा, वाट किती सोपी होती. माझ्याच नियमानं मला दार उघडून दिलं होतं. माझ्या हातात पाचाची पाटी आलीसुद्धा.

तेवढ्यात मानेजवळची पट्टी दिसली. पांढरी, जुनी, कडेला पिवळी पडलेली. तिच्यावर नाव नव्हतं. नाव उसवून काढलं होतं आणि सुईच्या भोकांची रांग तेवढी राहिली होती. मी त्या रांगेवरून बोट फिरवलं. भोकं नागमोडी होती. घाईत, मशीननं मारलेली. एकेक अक्षर बोटाला लागत गेलं आणि ते सगळं नाव माझं होतं.

मला भीती वाटत होती. पण त्याहून जास्त ताईची आठवण येत होती. एकोणीस वर्षांत कुणी माझ्यासाठी असे टाके घातले नव्हते. आणि आता मी पाचाची पाटी वर केली असती तर तिचं काम दुसऱ्यांदा पाण्यात घालवलं असतं, तेही तिनंच शिकवलेला नियम पुढे करून.

"मला एक सांगायचंय," मी माइकमध्ये म्हटलं. "तीस वर्षांपूर्वीचा तो गाऊन मी शिवला नव्हता. माझ्या ताईनं शिवला होता. नाव मी माझं लावलं. ती काही बोलली नाही. मी आजवर कुणाला सांगितलं नाही."

टाळी पडली नाही. पहिल्यांदाच माझ्या वाक्याला टाळी पडली नाही. काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मी पाचाची पाटी खाली ठेवली आणि दहाची वर धरली.

६

"बारा मिनिटांची सुट्टी. बाराच," घड्याळबाई माझ्याबरोबर धावत म्हणाली. तिचे डोळे ओले होते, पण नजर घड्याळावर. "गाऊन खोलीत नेऊन ठेवलाय. आरसा झाकलाय, तुम्ही स्वतःला पहिल्यांदा मंचावरच बघायचं, कॅमेऱ्यासमोर. आणि सात नंबरच्या बाईंची काळजी नको, त्यांना आणायला वर माणूस पाठवला तर त्या आधीच खाली आलेल्या. तुमच्या खोलीत जाऊन बसल्यात. म्हणाल्या, हुक मागे आहेत, तिला एकटीला लागायचे नाहीत."

मी थांबले. "तिला म्हणाल्या?"

"हो. ओळखतात का तुम्हाला?"

मला जगात अगं-तुगं करणारं आता कुणी उरलेलं नाही. मी तिला तसं सांगितलं नाही. "ओळखतात," म्हटलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

खोलीत कुणी नव्हतं. खुर्ची रिकामी, आरशावर चादर, दिवे सगळे लख्ख. कपडे बदलायच्या कोपऱ्याला पडदा, तोही बाजूला सारलेला. मी मोठ्यानं हसले. आजीबाई कंटाळून निघून गेल्या असतील, पाणी प्यायला गेल्या असतील. मग टेबलावर पाहिलं. टाचण्यांची डबी उघडी होती आणि अर्धी रिकामी होती.

मी गाऊन अंगात घातला. माझी रोजची टाचलेली गादी काढून ठेवली, कारण याच्या आत होती. खांदा जागेवर बसला. कंबर, पाठ, काख, सगळं जिथल्या तिथे. कापड कुठे ओढत नव्हतं, कुठे सुटत नव्हतं. मी पाठीवर हात नेला. हुकापर्यंत हात पोचत नव्हता.

सगळ्यांत खालचा हुक लागला.

मी हात पुढे घेतला. ताई हुक लावताना हलायचं नसतं, टाचणी लागते. दुसरा लागला. तिसरा. प्रत्येक हुकामागे एक गार टोक पाठीला टेकत होतं, शिवताना बोटात घालतात त्या अंगुस्तानाचं असतं तसं. मी मोजत होते. मोजलं की अक्कल ठिकाणावर राहते. दहा. अकरा. बाहेर घड्याळबाई दारावर टकटक करून म्हणाली, "पाच मिनिटं!"

"ताई," मी म्हटलं, "मी सांगितलं गं सगळ्यांना. ऐकलंस ना?"

"हं," मागून आवाज आला. तोंडात टाचण्या असल्यासारखा.

रागानं की खुशीनं, ते पूर्वीही मला कळायचं नाही. मी मान न हलवता नुसती नजर खाली नेली. गाऊनचा घेर जमिनीवर पसरलाय. त्याच्या कडेला, माझ्या टाचांच्या मागे, दोन अनवाणी पावलं आहेत. उजव्या पायाचा अंगठा बाहेर वळलाय, पायमशीन चालवून चालवून वळतो तसा. मी नजर पुन्हा समोर आणली. समोर झाकलेला आरसा आहे.

एकोणीस. वीस. एकविसाव्याला कापड फासळ्यांना लागलं. एवढा घट्ट कपडा सैल करायचा तर शिवणीत माया हवी, आणि ती नाही.

"तीन मिनिटं!"

शेवटच्या हुकाशी हात थांबलाय. कानाजवळून खडूचा वास येतोय.

"श्वास सोड," ताई म्हणते.

मी सोडते. सगळा सोडते, लहानपणी सोडायचे तसा, पोट पाठीला लागेपर्यंत. बाविसावा हुक टक्कन बसतो.

आता ती पुढचं म्हणेल. दोनच शब्द आहेत, कितीसा वेळ लागतो? बाहेर घड्याळबाई दोन मिनिटं म्हणते, मग एक म्हणते. दाराची कडी वाजते. छाती जड झालीय, डोळ्यांपुढच्या दिव्यांना कडा उरल्या नाहीत, तरी मी थांबलेय. विसरली असेल, असं मी मनाला सांगते. पण ताई कधी काही विसरत नाही.